काम सहा महिन्यांचं, खोली चौघांची: तारखा धरून वर्ष कसं काढायचं

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, जालन्याच्या रोलिंग मिल, लातूरची एमआयडीसी, नांदेडजवळचं कृष्णूर. कुठंही ठेकेदाराकडं नाव लागलं की पहिला प्रश्न असतो, "हातात किती पडतील?" हा प्रश्न विचाराच, पण त्याच्या आधी दुसरा एक विचारा: "काम कुठल्या तारखेपर्यंत?" मराठवाड्यात विशी-पंचविशीतल्या पोरापोरींचं वर्ष तुकड्यातुकड्यांनी निघतं. सहा महिने कंपनी, दोन महिने जिनिंग, लग्नसराईत कॅटरिंग, मधेच सोयाबीन काढायला गाव, आणि या सगळ्यात भरतीचा अभ्यास. तुकड्याचं काम टळत नसेल तर प्रत्येक तुकड्याला शेवटची तारीख लावायची आणि तिथून मागं मोजत यायचं. पगार, खोली, उसने पैसे, परीक्षा आणि दोस्ती, सगळ्यांना ही रीत लागू पडते.

नाव कुठल्या रजिस्टरवर लागतंय

एकाच लाइनवर शेजारी शेजारी उभे असलेले चार जण चार वेगळ्या नात्यांनी कामाला असू शकतात. ठेकेदाराच्या हजेरीवरचा कामगार पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआयसीला (कामगार विमा) पात्र असतो. अप्रेंटिस कायद्याखालचा मुलगा शिकाऊ असतो. त्याला विद्यावेतन मिळतं, पीएफ कापला जात नाही, मुदत करारात लिहिलेली असते. २०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं. तेही मुदतीचं प्रशिक्षण आहे. ते संपलं की पुढची नेमणूक आपोआप होत नाही, म्हणून त्या काळात दुसरीकडं अर्ज चालू ठेवायचे. डिलिव्हरीचं काम करणाऱ्याला तर पगारच नसतो, फेरीमागं पैसे असतात आणि पेट्रोल स्वतःचं. समजा दिवसाला ९० किलोमीटर गाडी फिरली आणि ती लिटरला ४५ देते, तर दोन लिटर गेले. टायर, ऑइल, चेन यांचे किलोमीटरमागं किमान एक रुपया धरा. ते वजा करून उरेल ती तुमची मजुरी. ॲपवर दिसणारा आकडा मजुरी समजून खर्च केला की सहाव्या महिन्यात टायर बदलायला पैसे नसतात.

ठेकेदार सहा-सात महिन्यांनी "ब्रेक" देतो, म्हणजे कामावरून थांबवतो, त्याचं कारण माहीत असू द्या. बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं की कायदा ते सलग वर्ष धरतो. मग कामावरून कमी करताना एक महिन्याची नोटीस आणि वर्षामागं १५ दिवसांच्या पगाराइतकी भरपाई द्यावी लागते. तो आकडा गाठू नये म्हणून ब्रेक. २४० दिवस भरले की माणूस आपोआप पर्मनंट होतो, हा समज मात्र खोटा आहे. त्यावर विसंबून कुणी हप्त्यानं गाडी घेऊ नये. रुजू झालेल्या दिवशीच कॅलेंडरवर मोजून ब्रेकची अंदाजे तारीख लिहा आणि तिच्या ४५ दिवस आधी दुसरी खूण करा. त्या खुणेपासून नवीन काम शोधायला लागायचं. ब्रेक मिळाल्यावर शोधायला निघालेल्याला मिळेल ते, मिळेल त्या दरात धरावं लागतं.

पहिल्या दिवशी विचारायच्या बाकीच्या गोष्टी थोड्या आहेत. पगार रोजावर की महिन्यावर, सुट्टीचे पैसे कापतात का, ओव्हरटाइम कुठल्या दरानं (कायद्यानं दुप्पट), पगार कुठल्या तारखेला (महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत यायला हवा), बूट-गणवेश-बसचे किती कापणार. उत्तरं मिळाली की त्याच संध्याकाळी सुपरवायझरला व्हॉट्सॲपवर लिहून टाका: "आज ठरल्याप्रमाणे रोज अमुक, ओटी अमुक, बरोबर ना?" त्यानं नुसतं "हो" लिहिलं तरी पुढं भांडण झालं तर तो कागद होतो. ठेकेदार पगार बुडवून पळाला तर मूळ कंपनीवर तो देण्याची जबाबदारी येते. पण तुम्ही त्या गेटच्या आत काम केलं हे दाखवावं लागतं. म्हणून गेट पासचे दोन्ही बाजूंनी फोटो, प्रत्येक पगाराची स्लिप आणि आपल्या हातानं वहीत लिहिलेली रोजची हजेरी हवी.

भरती फी, गेट पास फी, ट्रेनिंग डिपॉझिट मागणारा माणूस काम देणारा नसतो. मूळ सनद किंवा कोरा चेक कुणाकडंच ठेवायचा नाही. झेरॉक्स द्या, आणि तिच्यावर कशासाठी दिली ते लिहून सही करा.

पीएफ, ईएसआयसी आणि नावातली एक वेलांटी

तुकड्याच्या कामात सर्वांत जास्त पैसा इथं अडकतो, त्यामुळं जरा सावकाश वाचा.

यूएएन, म्हणजे पीएफची सगळी खाती जोडणारा नंबर, आयुष्यात एकच. नवीन ठेकेदार "नवा काढून देतो" म्हणाला तरी जुनाच द्या. दोन नंबर झाले की आधीचं जोडताना महिने जातात. आपल्याकडं घोळ होतो तो नावात. दहावीच्या सनदेवर वडिलांचं नाव एका पद्धतीनं, आधारवर दुसऱ्या, पॅनवर तिसऱ्या आणि बँकेत फक्त आडनाव. जन्मतारीखही शाळेत घातलेली वेगळी. कामाला लागायच्या आधी, रिकाम्या आठवड्यात आधार, पॅन आणि बँक पासबुक शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर जुळवा. नोकरी सुटल्यावर हीच दुरुस्ती करायला कधी कधी जुन्या ठेकेदाराची संमती मागत फिरावं लागतं आणि तोवर त्यानं नंबर बदललेला असतो.

स्लिपवर मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के पीएफ, एकूण पगाराच्या ०.७५ टक्के ईएसआयसी आणि व्यवसाय कर दिसतो. व्यवसाय कर पुरुषांना दहा हजारांच्या वर महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००. महिलांना २५,००० पर्यंत माफ, तरीही कापला असेल तर विचारा. स्लिपवर कपात दिसते म्हणजे पैसे भरले गेले असं नाही. दर दोन महिन्यांनी पीएफचं पासबुक उघडा, किंवा यूएएनला जोडलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ या नंबरवर मिस्ड कॉल द्या, मेसेज येतो. दोन महिने भरणा नसेल तर तिसऱ्या महिन्याची वाट न बघता चौघा-पाचजणांनी मिळून कंपनीच्या एचआरला सांगा. एकटा गेला की त्याचाच ब्रेक लवकर येतो.

काम सुटल्यावर ठेकेदार "सोडल्याची तारीख" भरत नाही, आणि त्या एका रिकाम्या रकान्यामुळं पैसे वळते होत नाहीत. शेवटच्या भरण्याला दोन महिने झाले की ही तारीख तुम्हाला स्वतःच सदस्य पोर्टलवर टाकता येते. तेवढं करा आणि रक्कम काढण्यापेक्षा पुढच्या खात्यात वळवा. पाच वर्षांची सेवा पुरी व्हायच्या आत ५०,००० किंवा जास्त काढले तर कर कापला जातो, आणि पेन्शनला लागणारी दहा वर्षं अशाच तुकड्यांची बेरीज करून भरायची असतात.

ईएसआयसीचा हिशोब सहामाही आहे. एप्रिल ते सप्टेंबर या काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये आजारपणात ७० टक्के रोज मिळतो, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. ऑक्टोबर ते मार्चची वर्गणी जुलै ते डिसेंबरला कामी येते. म्हणून सप्टेंबरात ७४ दिवस झाले असतील आणि गावाकडं जायचं असेल तर चार दिवस थांबून जा. कामावरच्या अपघाताला मात्र असली अट नाही, पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे, आणि कामावर जाता-येतानाचा अपघातही त्यात बसतो. बोट कापलं आणि सुपरवायझर म्हणाला "खासगीत दाखव, पैसे देतो", तरी अपघाताची नोंद करून घ्या. नोंद नाही तर पुढं अपंगत्वाचा लाभ मागायला आधार उरत नाही.

आणखी स्वस्तातला एक आधार: बँक खात्यावरचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा, वर्षाला २० रुपयांत अपघाताचा दोन लाखांचा. हप्ता मेअखेरीस आपोआप कापला जातो आणि नेमकं त्याच वेळी, लग्नसराई उरकल्यावर, खात्यात शिल्लक शून्य असते. पॉलिसी तिथं तुटते. २५ मेला खात्यात शंभर रुपये ठेवा.

महिन्याचा खरा पगार

समजा कंपनीत १३,५०० हातात पडतात आणि असं काम वर्षात आठ महिने चालतं. दोन महिने किरकोळ कामातून आठ-आठ हजार. दोन महिने काहीच नाही. एकूण झाले १,२४,०००. बारानं भागा: १०,३३३. हा तुमचा पगार. कंपनीच्या महिन्यात हातात १३,५०० आले तरी खर्च १०,३०० चाच धरायचा आणि ३,२०० त्याच दिवशी बाजूला काढायचे, ज्या खात्यावर यूपीआय नाही अशा खात्यात. पोस्टाचं बचत खातं यासाठी चांगलं.

त्या १०,३०० मध्ये खोलीचा वाटा १,५००, मेस ३,०००, लाइट-पाणी ३००, जाणं-येणं ८००, रिचार्ज ३००, घरी २,००० धरले तर २,४०० उरतात. कपडे, औषध, परीक्षेचा फॉर्म, मित्रांसोबतचा खर्च, सगळं त्यातच. तुमचे आकडे वेगळे असतील, पण रीत हीच ठेवा. बांधील खर्च मंदीच्या महिन्यातही झेपेल एवढाच असावा. मोबाइलचा हप्ता बांधील खर्चात येतो, त्यामुळं हप्त्याची मुदत ब्रेकच्या तारखेच्या पुढं जाता कामा नये.

रिकामे महिने कधी येणार हे आपल्या भागात बरंचसं आधी कळतं. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर सोयाबीनची काढणी-मळणी, तेव्हा गावात मजुरी आणि लातूरसारख्या बाजार समित्यांत हमाली-काट्याचं काम. दिवाळीनंतर कापसाची वेचणी आणि जिनिंग, साखर कारखान्यांचा गाळप हंगाम मार्चच्या आसपासपर्यंत. तुळशीच्या लग्नानंतर आणि पुन्हा एप्रिल-मेमध्ये मंडप, कॅटरिंग, फोटोग्राफीला माणसं लागतात. गणपती-नवरात्रात मंडप-लाइटिंग. जून-जुलैत कोचिंग क्लासच्या प्रवेशांचं काम, पेरणी संपली की शेतात खंड. पितृपक्षात लग्नाशी बांधलेली कामं शून्य. हे बारा रकाने कागदावर काढून भिंतीला चिकटवा आणि कंपनीचा ब्रेक कुठल्या रकान्यात पडतो ते बघा. ऑक्टोबरात पडला तर फार बिघडत नाही, ऑगस्टात पडला तर दोन महिन्यांची तरतूद आधीच हवी.

पाऊस गेला तर हे सगळं एकदम बिघडतं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तसल्या वर्षात गावाकडून मदत येत नाही, उलट घराला तुमच्याकडून लागते, आणि बाजारात उठाव नसल्यानं शहरातलं किरकोळ कामही आटतं. "काम सुटलं तर गावाकडं जाईन" हा बेत दुष्काळात चालत नाही. म्हणून ऑगस्टमध्ये पावसात मोठा खंड पडलेला दिसला की त्याच महिन्यापासून बाजूला काढायची रक्कम वाढवा.

खोली

चौघांत खोली घेतली तर कुणीतरी मधेच जाणार हे धरूनच घ्या. राहायला जायच्या दिवशी ग्रुपवर चार ओळी लिहून ठेवा: सोडायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं (१५ पुरेसे), बदली माणूस कुणी शोधायचा, डिपॉझिटचा वाटा कोण परत करणार. सोपी रीत अशी की जाणाऱ्याचा वाटा येणारा देतो, घरमालकाकडं ठेवलेल्या पैशाला हात लागत नाही. बदली मिळेपर्यंतचं भाडं किती दिवस जाणाऱ्यानं द्यायचं, तेही आत्ताच ठरवा. मार्च ते जून पाण्याचा खर्च वेगळा धरा. नळाला कित्येक दिवसांआड पाणी येणाऱ्या वस्तीत टँकर आणि जारचे पैसे भाड्याच्या हिशोबात नसतात आणि उन्हाळ्यातली निम्मी भांडणं तिथंच सुरू होतात.

शिफ्ट वेगळ्या असतील तर तिसऱ्या शिफ्टवाल्याची झोप ही खोलीची पहिली शिस्त. सकाळी आठ ते दुपारी दोन फोन बाहेर घ्यायचा, भांडी नंतर. झोप मोडलेला माणूस मशीनवर उभा राहतो, हे कुणी विसरू नये.

दोस्ती आणि पैसा

मैत्री तुटण्याचं कारण बहुतेकदा उसने पैसे नसतात, उसन्या पैशावरचं मौन असतं. दिलेल्यानं मागायला लाजायचं, घेतलेल्यानं तोंड चुकवायचं, आणि सहा महिन्यांत दोघं एका टपरीवर चहा प्यायचे थांबतात. यावर दोन नियम. परत नाही आले तरी आपला महिना निघेल एवढेच द्यायचे, आणि देतानाच तारीख ठरवायची. मित्रानं दहा हजार मागितले तर "माझ्याच्यानं दोन होतील, मार्चच्या दहाला दे" हे वाक्य पुरतं. घेणाऱ्यानं तारखेच्या तीन दिवस आधी स्वतः फोन करायचा: "या वेळी पाचशेच जमतायत, बाकीचे पुढच्या दहाला." पाचशे दिले तरी चालतं, फोन चुकवला तर चालत नाही.

भिशी चालवत असाल तर सदस्य कमी आणि मुदत छोटी ठेवा. लिलावाऐवजी क्रम आधीच ठरवा. पहिला नंबर त्याचा, ज्याचं काम भिशीच्या मुदतीनंतरही टिकणार आहे, कारण रक्कम उचलल्यावर सगळे हप्ते त्यालाच भरत राहायचे असतात. ज्याचा ब्रेक जवळ आला आहे त्यानं सुरुवातीला उचलू नये.

दोन गोष्टी कितीही जवळच्या मित्राला द्यायच्या नाहीत: आपलं बँक खातं वापरायला, आणि आपल्या नावावर कर्ज. "फक्त पैसे येतील, तू काढून दे, दोन टक्के तुझे" असं सांगून खाती घेतली जातात, त्यांतून फसवणुकीचा पैसा फिरतो, खातं गोठतं आणि चौकशी खातेदाराची होते. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्याला चारित्र्य पडताळणीत हे किती महाग पडेल ते वेगळं सांगायला नको. ऑनलाइन टास्कच्या नावाखाली पैसे गेले असतील तर लाज न बाळगता लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात.

वाढदिवसाची कॉन्ट्री, लग्नाचा आहेर, ट्रिप यांत मागं पडलेला मुलगा हळूहळू ग्रुपमधून गळतो. न जाता गप्प बसू नका. "या महिन्यात कॉन्ट्री नाही जमत, तयारीला मात्र येतो" म्हणा आणि खरंच जा. आणि ज्याला कायमची नोकरी लागली आहे त्यानं ठिकाण निवडताना सर्वांत कमी कमावणाऱ्याचा खिसा बघावा. हे त्यानंच करायचं असतं, दुसऱ्यानं सांगायचं नसतं.

वेळेचं तसंच आहे. साप्ताहिक सुट्टी रविवारीच येईल असं नाही, शिफ्ट आठवड्याला फिरते, कुणी पुण्याला गेलेला असतो. "भेटू कधीतरी" म्हटलं की भेट होत नाही. पगाराच्या आठवड्यातली एक संध्याकाळ पक्की करा, जागा कायम तीच, खर्च चहा-भज्यांचा. बाहेरगावच्या मित्राला कंपनीच्या बसमधून उतरून खोलीपर्यंत चालतानाची दहा मिनिटं द्या. रील पाठवणं म्हणजे बोलणं नव्हे.

घरी काय सांगायचं

"पर्मनंट झाला का?" हा प्रश्न दर सणाला येतो. "होईल" म्हणत राहिलं तर वडील त्या भरवशावर सोयरीक काढतात नाहीतर कर्ज काढतात. "काम १५ फेब्रुवारीपर्यंत आहे, त्यानंतर दोन महिने पैसे कमी येतील" असं तारखेसकट सांगा. घरी ठरावीक रक्कम पाठवा. एका महिन्यात आठ हजार आणि पुढच्या महिन्यात शून्य, यापेक्षा दर महिन्याचे दोन हजार घराला जास्त उपयोगी पडतात. काढणीला जायचं असेल तर दोन आठवडे आधी सांगा आणि शक्य असेल तर आपल्या जागी बदली माणूस सुचवा. न सांगता गेलेल्याची जागा दसऱ्याच्या आत भरली जाते.

भरती

पोलीस भरतीत शारीरिक चाचणी ५० गुणांची आणि लेखी १०० ची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. धावण्याला सकाळ लागते, आणि पहिल्या शिफ्टच्या बसमुळं तीच जाते. विचारता येत असेल तर दुसरी शिफ्ट मागून घ्या: पहाटे मैदान, दुपारपर्यंत अभ्यास, मग काम. तिसऱ्या शिफ्टनंतर थेट मैदानावर जाऊन पळणं पायांना आणि हृदयाला महाग पडतं, ते नकोच.

फॉर्मचा खर्च लहान नसतो. २०२३ च्या तलाठी भरतीला खुल्या गटाची फी १,००० होती, आणि परीक्षा केंद्र दूर पडलं तर एसटी आणि मुक्काम वेगळा. वर्षाला किती फॉर्म भरायचे ते आधीच ठरवा. दाखले रिकाम्या आठवड्यात काढून घ्या. जूनमध्ये सेवा केंद्रांवर प्रवेशाची गर्दी असते, आणि ईडब्ल्यूएसचा (आर्थिक दुर्बल घटकाचा) दाखला दर आर्थिक वर्षाला नवा लागतो. तयारीलाही एक शेवटची तारीख असू द्या, किती जाहिरातींपर्यंत थांबायचं ती. ती एका मित्राला सांगून ठेवा, कारण त्या दिवशी आठवण करून देणारं माणूस लागतं. तारीख आली म्हणून स्वप्न सोडायलाच हवं असं नाही, पण काम शिकणं पुढं ढकलायचं नाही. वेल्डिंग, सीएनसी, टॅली, जे काही असेल ते.

काम सुटल्यावरचे पहिले दहा दिवस

शेवटच्या दिवशी अनुभव पत्र, उरलेला पगार आणि ओटीचा हिशोब मागा. वर्षात ३० दिवस काम झालं असेल आणि पगार महिन्याला २१,००० च्या आत असेल तर बोनसचाही हक्क आहे, किमान ८.३३ टक्के. दिवाळीला तुम्ही तिथं नसलात तरी कमावलेल्या पगारावर तो लागू होतो, म्हणून जाताना बँक तपशील देऊन या. मग दोन दिवस झोपा. तिसऱ्या दिवसापासून सकाळी ठरावीक वेळी खोलीबाहेर पडा, वाचनालयात नाहीतर मैदानावर, कारण दिवसभर खोलीत पडून राहिलं की रात्री झोप येत नाही आणि डोकं कर्जाचेच आकडे मोजत बसतं. काम सुटल्याचं किमान एकाला त्याच दिवशी सांगा. झोप उडाली, जेवण तुटलं, जगावंसं वाटेना झालं, तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

ज्याचा ब्रेक झाला आहे त्या मित्राकडं लक्ष ठेवा. तो ग्रुपमधून बाहेर पडला, गाडी विकली, उधारी घाईघाईनं फेडू लागला, "बघू आता" एवढंच बोलू लागला, तर मेसेज टाकून वाट बघत बसू नका. दोन डबे बांधून घ्या, त्याच्या खोलीवर जा, त्याच्यासोबत जेवा आणि त्या रात्री तिथंच झोपा.